नाताळातली व्हँपायर प्रेमकथा लिहिताना
कथा नॉर्वेतल्या ट्रोम्सोत घडवा. तिथे साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य उगवतच नाही, त्यामुळे नायकाला भरदुपारीही रस्त्यावर आणता येतं. दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो. तो त्याला सोसतो का, हे पहिल्याच प्रकरणात ठरवा. नियम मध्येच बदलला की वाचकाचा विश्वास उडतो.

तिथला मुख्य सण २४ डिसेंबरच्या संध्याकाळी; पाचला चर्चच्या घंटा वाजतात. व्हँपायरने बोलावल्याशिवाय उंबरा न ओलांडण्याची दंतकथांमधली जुनी अट याच प्रसंगासाठी राखून ठेवा. ‘आत ये’ हे नायिकेनेच म्हणावं.

बहुतेक कथा फसतात, त्या नायकाच्या जुन्या, मेलेल्या प्रेयसीपायी. नायिका हुबेहूब तिच्यासारखी दिसली, तर तो नव्याने प्रेमात पडतच नाही, जुनंच उगाळत बसतो. तिला वेगळा चेहरा, वेगळा राग द्या.