लेदरचे पोपडे का निघतात, आणि घेताना बाँडेड लेदर कसं ओळखायचं

भुशाच्या फळीला लाकूड म्हणावं, तेवढंच बाँडेड लेदर हे चामडं असतं. चामड्याच्या कातरणीचा चुरा पॉलियुरेथेन (एक प्लॅस्टिक) किंवा लॅटेक्समध्ये कालवून कापडावर थापतात, वर रंगीत थर चढवून कातडीची नक्षी उठवतात. चुरा खराच असल्याने वासही खराच येतो, त्यामुळे नाकावर विसंबू नका. पाण्याच्या थेंबाची परीक्षाही फसवी. पक्कं फिनिश दिलेलं अस्सल चामडंसुद्धा पाणी पीत नाही.

कड बघा. खऱ्या चामड्याची कड वरपासून खालपर्यंत एकजीव, तंतूंच्या गुंत्याची असते. बाँडेडमध्ये थर दिसतात: वर पापुद्रा, मधे पुठ्ठ्यासारखा लगदा, खाली कापड. धारावीत पट्टा घेताना कडा रंगवलेल्या असतील, तर भोकं उजेडात धरून त्यांच्या आतली कड बघा. सोफा असेल तर आडवा करून तळाच्या काळ्या कापडाचा कोपरा उचलायला लावा. आत स्टेपल मारलेली कच्ची कड सापडते. पाठीमागची कडही बघा, कारण बैठक चामड्याची आणि पाठ रेक्झिनची असा प्रकार सर्रास चालतो. नुसत्या ‘जेन्युइन लेदर’ शिक्क्यावर जाऊ नका. स्प्लिट चामड्यावर, म्हणजे कातडीच्या कापून वेगळ्या केलेल्या खालच्या थरावर, जाड लेप दिलेला असला, तर तोही सोलतो.

मुंबईत बाँडेड लवकर जातं ते दमट हवेने. हवेतली वाफ पॉलियुरेथेनचे बंध तोडते, म्हणून कपाटात न वापरता ठेवलेली बॅगही पोपडे टाकते. सोफा साधारण 2 ते 5 वर्षं. सुरुवात डोकं टेकतो तिथे, कारण केसांचं तेल. एकदा सुटलं की रंग, गोंद, कंडिशनर सगळं वाया; खालचा लगदाच पकड सोडतो. नवं कव्हर शिवून घ्या. फुल ग्रेन, म्हणजे वरचा थर न घासलेलं अस्सल चामडं नीट सांभाळलं तर 15 वर्षंही जातं.

खऱ्या चामड्याचा शत्रू म्हणजे पावसाळ्यातली बुरशी. वस्तू गॅलरीत नेऊन कोरड्या फडक्याने झटका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, आधी लपलेल्या जागी लावून रंग उतरत नाही ना ते बघा, मग ओलसर फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवा, उन्हात नको. पूर्ण सुकल्यावर कंडिशनरचा पातळ हात. खोबरेल मात्र लावू नका. चामडं काळवंडतं, धूळ धरतं. ठेवताना प्लॅस्टिकऐवजी सुती उशीचा अभ्रा वापरा.

बाँडेडला अल्कोहोल अजिबात नको, वरचा थर मऊ पडतो.