कारखान्याच्या प्रेस मशीनमध्ये बोटं गेली, तर भरपाईचा दावा कसा मांडावा

आधी पगाराच्या पावतीवर इएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात आहे का ते पाहा. कामगार विमाधारक असेल तर मालकाकडून भरपाई मागता येत नाही, लाभ त्या विमा महामंडळाकडूनच घ्यावा लागतो. तसं नसेल तर दावा भरपाई आयुक्तांकडे, दोन वर्षांच्या आत. अपघात 21 नोव्हेंबर 2025 पूर्वीचा असेल तर 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा लागतो, नंतरचा असेल तर सामाजिक सुरक्षा संहिता. सांगाडा बराचसा तोच. कारखाना पिथमपूरला, म्हणजे धार जिल्ह्यात, आणि राहणं इंदूरला असेल तर इंदूरलाही दावा लावता येतो.

मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. पण 'यानेच गार्ड काढलं' (गार्ड म्हणजे यंत्रावरचं सुरक्षेचं झाकण) हा मालकाचा बचाव हमखास येतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तो चालत नाही. दोन बोटांच्या दाव्यात चालू शकतो. तेव्हा गार्ड मुळात होतं का, कुणाच्या सांगण्यावरून काढलं, त्या पाळीत सोबत कोण होतं, हे लगेच लिहून ठेवा. महिन्याभरात साक्षीदार गप्प होतात.

आता जुन्या कायद्याचा हिशोब. वय 30, पगार 15,000 (2020 पासूनची कमाल मर्यादा इतकीच, पगार जास्त असला तरी). त्याचे 60 टक्के 9,000. कायद्याच्या तक्त्यातला तिसाव्या वर्षाचा गुणांक 207.98, गुणाकार 18,71,820. एका हाताची दोन बोटं म्हणजे कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे (कुठल्या इजेला किती टक्के, याची यादी) 20 टक्के, म्हणून 3,74,364 रुपये. इजा अनुसूचीत नसेल तर डॉक्टरांकडून कमाईची क्षमता किती टक्के घटली ते लिहून घ्या. नुसतं शरीराच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र जोडलं की दावा तिथेच अडकतो.

पगाराचा पुरावा नसणं ही दुसरी मोठी अडचण. बँकेचा उतारा, हजेरी कार्ड, गेटपास, जे सापडेल ते जोडा. ठेकेदाराचा माणूस असला तरी, काम कारखान्याच्या नेहमीच्या धंद्यातलं असेल तर मूळ मालकही जबाबदार; दोघांनाही प्रतिवादी करा.

'सगळं मिळालं' अशा कागदावर सही करू नका. केलीच असेल तरी घाबरू नका, हक्क सोडण्याचा करार रद्दबातल ठरतो. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने घरी आणून दिलेले पैसे भरपाई धरत नाहीत, रक्कम आयुक्तांकडेच जमा व्हावी लागते. कुठल्याही प्रकरणात भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. ही दोन्ही अर्जातच मागा.