एस्टर की मोकळा अमाइन: लायसोझाइमला न जुमानणारी पेशीभित्तिका कशी तपासावी

पेशीभित्तिका तोडणारे लायसोझाइम हे विकर (एन्झाइम) घालूनही जिवाणूंचे गढूळ द्रावण निवळले नाही, की वहीत ‘प्रतिरोधक’ एवढाच शब्द लिहून आपण पुढे जातो. परंतु भित्तिकेतील कोणत्या रासायनिक बदलामुळे हा प्रतिरोध आला, हे त्या शब्दातून कळत नाही. पदव्युत्तर प्रयोगशाळेत सहज मिळणाऱ्या दोन रसायनांनी त्याचा बराचसा उलगडा होतो.

पेप्टिडोग्लायकनच्या, म्हणजे भित्तिकेच्या मुख्य घटकाच्या, साखळीत एन-अॅसिटिलग्लुकोसामाइन आणि एन-अॅसिटिलम्युरामिक आम्ल या शर्करा आलटून पालटून येतात, आणि अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये वर्णन केलेले लायसोझाइम म्युरामिक आम्लानंतरचा बीटा-१,४ बंध तोडते. जिवाणू हा घाव प्रामुख्याने दोन प्रकारे चुकवतात. पहिल्या प्रकारात म्युरामिक आम्लाच्या सहाव्या कार्बनवरील हायड्रॉक्सिलवर अॅसिटिल गट चढवला जातो. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये हे काम ओएटीए हे विकर करते. दुसरा प्रकार याच्या उलट आहे: ग्लुकोसामाइनच्या नायट्रोजनवरचा मूळचा अॅसिटिल गटच काढून टाकला जातो, जसे न्यूमोकॉकसमधील पीजीडीए करते. पहिल्यात नवा एस्टर बंध येतो, दुसऱ्यात अमाइड बंध जाऊन मोकळा अमाइन उरतो. सौम्य अल्कलीत एस्टर तुटतो पण अमाइड टिकतो, आणि मोकळ्या अमाइनवर अॅसिटिक अनहायड्राइडने अॅसिटिल गट पुन्हा बसवता येतो. सारी चाचणी या फरकावर उभी आहे.

सरावासाठी लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम (२०२० पर्यंतचे नाव लॅक्टोबॅसिलस प्लांटारम) घ्यावा. आंबवलेल्या भाज्यांत आढळणारा हा निरुपद्रवी जिवाणू असून त्याच्या भित्तिकेत एस्टर स्वरूपातील अॅसिटिल गट असतात. तुलनेसाठी लायसोझाइमला चटकन बळी पडणारा मायक्रोकॉकस ल्यूटियस हा जिवाणू सोबत ठेवावा.

पेशी सेंट्रिफ्यूज करून ४ टक्के एसडीएसमध्ये (सोडियम डोडेसिल सल्फेट या अपमार्जकात) अर्धा तास उकळाव्यात, म्हणजे प्रथिने आणि पेशींची स्वतःची भित्तिकाभेदक विकरे निघून जातात. येथे सामू ७ च्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर जे मोजायचे तोच एस्टर आधीच गळून पडतो. यानंतरची धुलाई हा सर्वांत कंटाळवाणा आणि, माझ्या मते, सर्वांत निर्णायक भाग आहे, कारण उरलेले एसडीएस लायसोझाइमलाच निकामी करते. धुलाई खोलीच्या तापमानाला करावी. थंडीत एसडीएसचे पांढरे स्फटिक पडतात. पोटॅशियमचे बफरही टाळावे, कारण त्यातही एसडीएस साका होऊन खाली बसते. धुतलेले पाणी नळीत जोरात हलवावे, आणि कडेला फेसाचे बारीकसे कडे दिसले तरी आणखी एकदा धुवावे.

स्वच्छ भित्तिकांचे तीन भाग करावेत. पहिला तसाच ठेवावा. दुसऱ्याला ०.१ मोलरच्या आसपासच्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये काही तास ठेवावे. तिसऱ्याला संपृक्त सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात थंड ठेवून अॅसिटिक अनहायड्राइड थोडे थोडे घालावे. ही पायरी धूरपेटीतच, हातमोजे आणि चश्मा घालून करावी. सर्व भाग पुन्हा धुवून सामू तपासावा. एकदा मी अल्कलीचा भाग न तपासता पुढे नेला. त्या नळीत लायसोझाइमने काहीच केले नाही आणि आठवडाभराच्या भित्तिका वाया गेल्या.

आता प्रत्येक भाग ६.२ सामूच्या सोडियम फॉस्फेट बफरमध्ये घेऊन ४५० नॅनोमीटरला प्रकाशाचे शोषण (म्हणजे गढूळपणाचे माप) ०.६ ते ०.७ येईल इतका विरळ करावा, लायसोझाइम घालावे आणि २५ अंश सेल्सियसला दर मिनिटाला वाचन घ्यावे. प्रत्येकाची एक नळी विकराविना ठेवावी, कारण भित्तिका नुसत्या तळाशी बसल्या तरी शोषण उतरते.

अल्कलीनंतरच शोषण झपाट्याने उतरले तर एस्टरकडे बोट जाते. अनहायड्राइडनंतरच उतरले तर मोकळ्या अमाइनकडे. दोन्ही बदल एकत्र असू शकतात, म्हणून एकेकट्या प्रक्रियेने फरक पडला नाही तर आधी अल्कली व मग अनहायड्राइड असे करून पाहावे. मात्र अल्कली भित्तिकेला जोडलेल्या टायकोइक आम्ल या बहुवारिकावरील डी-अॅलनिनचे एस्टरही तोडते, आणि तेही लायसोझाइमला अडवू शकतात. म्हणून अल्कलीत सुटलेले अॅसिटेट एचपीएलसीने (द्रावणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या द्रव-क्रोमॅटोग्राफीने) मोजल्याखेरीज अहवालात ‘ओ-अॅसिटिलीकरण सिद्ध झाले’ असे लिहू नये.

बायोफिल्मच्या, म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेल्या जिवाणूंच्या थराच्या, शर्करांनाही हाच विचार लागू पडतो. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसच्या बायोफिल्ममधील बीटा-१,६ जोडणीच्या पॉली-एन-अॅसिटिलग्लुकोसामाइनवरून आयसीएबी हे विकर काही अॅसिटिल गट काढते. त्यामुळे साखळीवर धन प्रभार येतो आणि ती पेशीला चिकटून राहते. क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलेल्या ९६ खळग्यांच्या तबकडीत हे दिसत नाही, कारण तो रंग पेशींनाही लागतो. म्हणून रंगवण्यापूर्वी काही खळग्यांत डिस्पर्सिन-बी हे विकर घालावे: ते ही बीटा-१,६ साखळी तोडते, सेल्युलोजला मात्र हात लावत नाही, त्यामुळे थर कायम राहिला तर आधार दुसऱ्या कशाचा तरी आहे असे धरून पुढची चाचणी आखावी.