हसवणारं गाणं लिहायचंय? आधी ध्रुवपद बघा

हसवणाऱ्या गाण्यात यमक जुळवणं हा सगळ्यात सोपा भाग. गोम वेगळीच आहे. विनोद एकदाच हसवतो आणि ध्रुवपद मात्र दर कडव्यानंतर परत येतं. म्हणजे तुम्ही तोच विनोद त्याच माणसांना चारदा ऐकवणार. पहिल्यांदा हशा, दुसऱ्यांदा स्मित, तिसऱ्यांदा लोक समोसा कुठे मिळतोय ते बघायला लागतात.

सेंड-ऑफ, हळद, मंगळागौर, सोसायटीचा गणपती, अशा कार्यक्रमांना मी गाणी लिहून देते. दादर-परळच्या बायकांची मंडळं आपापली गाणी दुरुस्तीला आणतात, ती बहुतेक इथेच अडकलेली असतात. एका मंडळाने लोकलच्या गर्दीवर लिहिलं होतं. पाच कडवी, पाचही गर्दीचीच. एकात पदर अडकला, दुसऱ्यात डबा सांडला, तिसऱ्यात चप्पल गेली. ध्रुवपद होतं, ‘गर्दीच गर्दी चोहीकडे.’ खोटं काही नाही त्यात, पण गाणं जागचं हलत नव्हतं.

तर पहिली गोष्ट: ध्रुवपदात विनोद घालू नका. तिथे रोजच्या बोलण्यातलं साधं वाक्य ठेवा आणि प्रत्येक कडव्यात ते वेगळ्या माणसाच्या तोंडी द्या. शब्द तेच, अर्थ सरकलेला. लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौथी म्हणून, म्हणजे चौथ्या सीटवर, टेकताना आपण सगळ्याच म्हणतो ते वाक्य आम्ही उचललं:

चौथी सीट नि अर्धी मांडी,
बाकी अर्धी लोंबत राही,
जरा सरकून घ्या हो ताई.

इथे नुसती ओळख पटते, हशा बेताचाच. चालेल. पुढे:

एकच खोली, माणसं सात,
त्यात उतरली सूनबाई,
जरा सरकून घ्या हो ताई.

आता तेच वाक्य नवी नवरी नणंदेला म्हणतेय, आणि सभागृहातल्या सगळ्या नणंदा एकमेकींकडे बघतात. मग शेवटी:

बिल्डर बोले, टॉवर माझा,
विरारला हो लय स्वस्ताई,
जरा सरकून घ्या हो ताई.

चाळ रिडेव्हलपमेंटला गेलेल्या माणसांपुढे हे म्हटलंत की ध्रुवपद तुम्हाला गावंच लागत नाही. समोरून येतं.

ही युक्ती माझी नव्हे. भोंडल्यातलं कारल्याचं गाणं आठवा. सुनेला माहेरी जायचंय, सासू म्हणते आधी बी पेर, मग वेल वाढू दे, मग कारली लागू देत. मागणी तीच, अडवणूक दर वेळी नवी. बायका हसतात त्या सासूच्या चिकाटीला. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय, आणि आम्ही मात्र ध्रुवपदात कोट्या भरत बसतो.

दुसरं म्हणजे मात्रा. त्या मोजायच्याच. ‘चालीत बसवून घेऊ’ म्हणणाऱ्यांची ओळ शेवटी ढोलकीवाला बसवतो, आणि तो शब्दांची पर्वा करत नाही. केरवा तालाचं आवर्तन, म्हणजे एक फेरा, 8 मात्रांचं. ह्रस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन; एकाच शब्दात जोडाक्षराआधी आलेल्या ह्रस्वाच्याही दोन, जसा ‘स्वस्ताई’तला ‘स्व’. ‘जरा सरकून’ मोजा: 1, 2, 1, 1, 2, 1. झाल्या 8. म्हणजे पुढचं ‘घ्या’ बरोबर समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पडतं, आणि हुकूम कसा ठसक्यात येतो! बिल्डरच्या ओळीत आधी ‘भलती स्वस्ताई’ होतं. ‘विरारला भलती स्वस्ताई’ म्हणूनही 16 मात्रा होतात, पण सम येते ‘ती’वर आणि ‘भल’ आधीच्या आवर्तनात राहतं. ‘विरारला हो’ केल्यावर 8 तिथेच संपल्या आणि ‘लय’ समेवर आला. नुसत्या बेरजेवर जाऊ नका, शब्द कुठे तुटतोय तेही बघा. ‘सरकार’ चालीत ‘सर’वर तुटलं की निम्म्या लोकांना शाळेतले सर आठवतात आणि तुमचा टोमणा वाया जातो.

हसवणारा शब्द ओळीच्या शेवटी. नेहमी. मधे ठेवलात तर लोक हसतील आणि उरलेली ओळ त्या हशात बुडेल, किंवा ओळ ऐकायची म्हणून हसणं गिळतील. हशा पिकल्यावर लगेच महत्त्वाचं काही नको, पेटीचा एक तुकडा ठेवा. पेटी नसेल तर पुढची ओळ भरीची लिहा. एरवी भरीची ओळ म्हणजे कवीचा आळस, इथे ती मुद्दाम लिहायची असते.

आयती चाल घेणार असाल तर ती सगळ्यांना पाठ हवी, नाहीतर विडंबन कशाचं हेच कळत नाही. पण फार पाठ असेल तर दुसऱ्या कडव्यापासून प्रेक्षक मूळचे शब्द गायला लागतात आणि तुमचे शब्द ऐकतं कोण? आरतीच्या चालीला मी हात लावत नाही. भावना वगैरे आहेतच, पण टाळ्या इतक्या जोरात वाजतात की शब्द पोचतच नाहीत.

ताज्या बातमीवरचं गाणं ताज्या माशासारखं, त्याच दिवशी खपवावं. पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 ला धावली, तेव्हा ‘दार आपोआप बंद होतं’ एवढ्यावरच लोक हसत होते. आज त्यात काय आहे? उलटंही घडतं. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायच्या भांडणाचं एक कडवं हमखास हशा घ्यायचं. बेस्टच्या जुन्या, बिगरएसी डबलडेकर 15 सप्टेंबर 2023 ला बंद झाल्या आणि आता त्याच कडव्याला लोक ‘अरेरे’ म्हणतात. ते कडवं काढायचं नाही, जागा बदलायची. शेवटून दुसरं ठेवलं की पुढच्या विनोदाआधी सभागृह जरा हळवं होतं, आणि हळवी माणसं जास्त हसतात.

सेंड-ऑफच्या गाण्याचं तंत्र आणखी निराळं. ज्याच्यावर गाणं आहे तो पहिल्या रांगेत, बाजूला बायको, मागे साहेब. तिथे एकच नियम पाळते: तो माणूस स्वतःबद्दल जे हसत हसत सांगतो तेवढंच घ्यायचं. डबा अकरालाच उघडतो? घ्या. सुटलेलं पोट, टक्कल, जात, बोलण्यातला हेल, नाही. गाणं आधी त्याच्या बायकोला दाखवा. ती दोन ओळी काढायला लावेल आणि चार चांगल्या देईल.

तालमीत सोबतचे हसले म्हणून हुरळू नका, ते तुमचे लोक आहेत. चाल न लावता, नुसतं वाचून, गाण्याशी काही संबंध नसलेल्या कुणाला तरी ऐकवा. जिथे तो ‘म्हणजे?’ विचारेल ती ओळ बदला, समजावत बसू नका. आणि गाणारीने हसायचं नाही. चेहरा सत्यनारायणाला बसल्यासारखा हवा. ज्यांना स्वतःच्याच ओळीवर खुदकन येतं त्यांना कोरसमध्ये मागे उभं करा.

उरला माइक. गणपतीच्या मांडवात साउंडवाल्याचा सगळा जीव ढोलकीत असतो. कार्यक्रमाआधी त्याला चहा पाजा आणि ढोलकी कमी, गळा जास्त, एवढं पदरात पाडून घ्या. मग मांडवाच्या शेवटच्या खुर्चीवर कुणाला तरी बसवून ‘स्वस्ताई’ नीट ऐकू येतंय का ते विचारा.