पहिल्या पुराचा मासा सोडा भाऊ

मृगाचा पहिला धो-धो पाऊस पडला, नाल्याला लाल गढूळ पाणी आलं की रातोरात रपट्याखाली (नाल्यावरच्या बुटक्या पुलाखाली) जाळी लागतात, आणि सकाळी बाजारात गाबोळीनं (अंड्यांनी) टम्म फुगलेले रोहू-मिरगल टोपल्यात. दोन किलोच्या रोहूच्या मादीत चार लाखांच्या आसपास अंडी असतात, अन् भाव तोच किलोचा! मग हिवाळ्यात मच्छीमार सोसायटीवाले म्हणतात तलावात मासाच नाही, बीज (सोडलेली पिल्लं) खराब होतं.

रोहू, कतला, मिरगल साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागते, म्हणून ते प्रवाहाच्या उलट वर चढतात. कन्हान-पेंच नद्यांना मिळणाऱ्या नाल्यांवर तरी जून ते ऑगस्ट जाळं आडवं लावूच नका. अंडी 15-18 तासांत फुटतात, म्हणजे दोन रात्री दम धरला तरी लई वाचते. माझा अंदाज असा की दिवसभर उकाडा, संध्याकाळी जोराचा पाऊस आणि रात्री गारवा, त्याच रात्री मासा चढतो, त्या रात्री तरी घरीच राहा.

चुकून जाळ्यात आलाच तर पोट बघा. मऊ, फुगलेलं, गुदद्वार लालसर ती मादी. पोट हलकं दाबलं की दुधासारखं पांढरं येते तो नर. दोन्ही लगेच पाण्यात सोडा.

मरळीचं वेगळं, ती तलावातच काठच्या गवतात अंडी घालते. केशरी पिल्लांचा थवा वर दिसला की खाली राखणीला मोठी मरळ असतेच, आणि नेमकी तिलाच गळ लावतात लोकं. ती गेली की पूर्ण थवा बाकीचे मासे खाऊन टाकतात.

1957 ला ओडिशातल्या अंगुलला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन या माशांची अंडी घेऊन दाखवली, म्हणून आज बीज विकत मिळते. पण दरवर्षी विकतच घ्यायचं काहून? वरून दुकानदार ग्रोथ प्रमोटरची (मासा लवकर वाढवायच्या औषधाची) महाग बाटली गळ्यात मारतो. त्या पैशात चुना अन् चांगली बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) घ्या.

शेततळ्यावाल्यांसाठी:
- चुना हेक्टरी 200-250 किलो
- बोटुकली 80-100 मिमी, हेक्टरी 5000
- बोटुकलीची पिशवी 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग सोडा
- पाणी येण्या-जाण्याच्या तोंडाला जाळी
- ढगाळ दिवसांत पहाटे मासे वर तोंड काढत असतील तर खाद्य बंद, ताजं पाणी सोडा

सोसायटीची मीटिंग पाऊस लागायच्या आधीच घ्या, रपट्यावर रात्री कोण थांबणार ते त्याच दिवशी ठरवा.