बंद ट्रॅक्टर गाडीत चढवायचाय? आधी हे बघा

चोपडा-यावलकडे काळ्या मातीत ट्रॅक्टर बंद पडला की चार पोरं गोळा करून ढकलायची घाई होते, पण भाऊ, ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर म्हणजे जवळपास २ टन वजन, उतारावर सुटला तर कोणाला आवरत नाही. मागे रोटावेटर असेल तर आधी काढून टाका, कारण इंजिन बंद म्हणजे हायड्रॉलिक उचलणार नाही आणि तो नुसता घासत जाईल. गिअर न्यूट्रल, हाय-लोचा (जास्त-कमी वेगाचा) दांडाही न्यूट्रल, आणि डावा-उजवा ब्रेक पत्तीने एकमेकांना जोडून घ्या, हे फार जण विसरतात आणि मग एकच चाक धरून ट्रॅक्टर आडवा होतो. पॉवर स्टेअरिंग असेल तर बंद ट्रॅक्टरमध्ये ते जाम जड लागतं, सीटवर दमाचा माणूसच बसवा.

रॅम्प नसेल तर गाडी बांधाला नाहीतर गावातल्या ओट्याला मागून भिडवा, फाळका सरळ ओट्यावर टेकतो आणि चढच राहत नाही. ओढायला चेन पुल्ली (हाताने ओढायची साखळीची कप्पी) लावा, साखळी पुढच्या अॅक्सलच्या ब्रॅकेटला, टाय रॉडला (पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याला) अजिबात नाही, तो वाकला की वेगळाच खर्च. हातभर सरकला की मागच्या चाकाला लाकडी ठोकळा, परत हातभर, परत ठोकळा. मागे आणि ताणलेल्या साखळीच्या रेषेत कोणीच उभं राहू नका, लेकरांना तर लांबच ठेवा.

वर गेला की गिअरात टाका, हँडब्रेक ओढा, चारी कोपऱ्यांनी साखळ्या आवळा. पाच-सहा किलोमीटरवर थांबून त्या परत तपासा, सैल झालेल्या असतातच.