नुस्तें म्हणजे नुसतं नव्हे: कॉन्फरन्ससाठी वास्कोला येणाऱ्यांना

गेल्या डिसेंबरात माझा भाचा एका कॉन्फरन्सला आला होता. तीन दिवस हॉटेल ते हॉल, हॉल ते हॉटेल. तिसऱ्या संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आला आणि म्हणाला, "मामा, गोव्याची सर्दी तेवढी घेऊन चाललोय. एसीची." तेव्हापासून मनात होतं, की जे कोणी झुआरीनगरच्या बिट्समध्ये, हेडलँड सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात किंवा पलीकडे दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेत असे दोन-तीन दिवसांसाठी येतात, त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. जे नोकरी लागून कायमचे येतात, त्यांनाही त्या उपयोगी पडतील.

मी मूळचा मिरजेचा. १९८९ साली एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात कारकून म्हणून आलो, मीटरगेजच्या गाडीने, एक ट्रंक आणि आईने दिलेला चटणीचा डबा घेऊन. दोन वर्षांत परत जायचं ठरलं होतं. ट्रंक अजून माळ्यावर आहे.

आधीच सांगतो, पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे असतो तो गोवा वास्कोत नाही. हे बंदराचं गाव. झुआरीच्या मुखाशी १८८०च्या दशकात इंग्रज कंपनीने रेल्वे आणि बंदर बांधलं, त्याच्या आधाराने हे वाढलं. १९६३ पासून हे मुरगाव बंदर देशाच्या प्रमुख बंदरांपैकी एक. बंदर, रेल्वे, नौदल आणि विमानतळ यांच्या पोटावर जगणारी माणसं इथे राहतात, त्यामुळे रस्त्यावर कोकणीइतकीच हिंदी, कन्नड आणि तेलुगू ऐकू येते. गोव्यात बाहेरच्याला 'भायलो' म्हणतात आणि घाटावरच्याला 'घाटी'. मी दोन्ही ऐकलेत, दोन्हींचं वाईट वाटून घेतलं आणि मग सोडून दिलं. वास्कोत निम्मं गावच भायलं आहे, म्हणून गोव्यात सगळ्यात लवकर आपलं म्हणवून घेता येतं ते इथेच.

विमानाचं तिकीट काढताना नीट बघा. गोव्यात विमानतळ दोन. दाबोळी वास्कोला चिकटून आहे, पाच किलोमीटरांच्या आत. मोपा पेडण्यात आहे, म्हणजे वास्कोपासून साठ-पासष्ट किलोमीटर. २०२३च्या जानेवारीत मोपाहून उड्डाणं सुरू झाली आणि तेव्हापासून दर कॉन्फरन्सला एक तरी पाहुणा चुकीच्या विमानतळावर उतरून फोन करतो. दाबोळीची धावपट्टी नौदलाची आहे, तिथे आणि बंदराच्या फाटकाशी मोबाइल खिशात राहू द्या. मुंबईहून कोकण रेल्वेने येत असाल तर मडगावला उतरा आणि पुढे तीसेक किलोमीटर बस. पुणे-मिरजेकडच्यांनी गोवा एक्सप्रेस पकडावी, थेट वास्कोत आणून सोडते. वाटेत घाटात दूधसागर लागतो, फक्त त्या वेळी झोपू नका.

ओला-उबर इथे चालत नाही. गोवामाइल्सचं ॲप आहे, ते उतरायच्या आधीच घेऊन ठेवा. गावात एकटे फिरणार असाल तर 'पायलट' करा. पायलट म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवर मागे बसवून नेणारा. बसण्याआधी भाडं ठरवायचं, बसल्यावर गप्पा मारायच्या. दुचाकी भाड्याने घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत ना ते पाहा. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त मिळते, ती पोलिसांच्या नजरेत भरते आणि मग स्वस्त राहत नाही. पणजीला जायला कदंबची, म्हणजे सरकारी बसची, शटल आहे. तिकीट खिडकीवर आधी काढायचं, रांग मोडायची नाही, मध्ये कुठे थांबत नाही. रात्री आठनंतर बसेस विरळ होत जातात, हे समारोपाच्या जेवणाला रेंगाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आता भाषा. इथे मराठी माणूस जरा बेसावध असतो, कारण त्याला सगळं कळतंय असं वाटतं. माझी पहिली दुपार सांगतो. जेवायला एका खानावळीत बसलो. आदल्या रात्रीच्या प्रवासाने पोट बिघडलेलं, म्हणून म्हटलं, "नुसता भात द्या." पोऱ्या मान हलवून गेला आणि भाताचा डोंगर, वर बांगड्याची लालभडक कढी आणि बाजूला तळलेला बांगडा घेऊन आला. मी म्हटलं, "अहो, नुसता, नुसता!" तो म्हणाला, "हय मरे, नुस्तेंच तें!" कोकणीत नुस्तें म्हणजे मासा. मी आणखी जोर देऊन 'नुसता' म्हणालो असतो तर त्याने दुसरा बांगडा आणला असता. पोट बिघडलेलं असूनही तो खाल्ला आणि काही झालं नाही, हे विशेष.

शाकाहारी असाल तर एकच शब्द पाठ करा: शिवराक. "शिवराक जेवण आसा?" एवढं विचारलंत की पुढचे गोंधळ टळतात. उदक म्हणजे पाणी, शीत म्हणजे भात, च्या म्हणजे चहा, कितलें जालें म्हणजे किती झाले. आभारासाठी "देव बरें करूं", हिंदू, ख्रिश्चन कुणालाही चालतं. 'मागीर' म्हणजे मग किंवा नंतर. पण कुणी काम 'मागीर करतां' म्हणाला तर ते आज होणार नाही असं समजून चला.

आणखी एक गोष्ट पहिल्या दिवशी खटकेल. लहान पोरगाही तुम्हाला 'तूं' म्हणेल. "तूं खंयचो?" असं आमच्या ऑफिसातल्या विशीतल्या शिपायाने मला विचारलं तेव्हा माझे कान तापले होते. त्यात अनादर नाही, कोकणीची तीच रीत आहे. "हांव मिरजेचो" एवढं सरळ उत्तर द्या, समोरचा खुलतो. मात्र तुम्ही मराठीत बोलताना समोरच्याला 'तू' करू नका. तुमच्या मराठीतला तू त्यांना लगेच टोचतो.

आणि "कोकणी म्हणजे मराठीच ना?" हा प्रश्न चहाच्या टेबलावर काढू नका. १६ जानेवारी १९६७ ला इथे जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं यावर, आणि लोकांनी वेगळं राहणं पसंत केलं. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापरालाही जागा ठेवली. घराघरांत त्या काळातली भांडणं अजून जिवंत आहेत. सकाळी मराठी पेपर वाचणारा, देवळात मराठी अभंग म्हणणारा आणि घरात फक्त कोकणी बोलणारा माणूस तुम्हाला इथे रोज भेटेल. त्याला यात काही विसंगत वाटत नाही, आपल्यालाही वाटायचं कारण नाही.

कॉन्फरन्सचं पहिलं सत्र बहुधा नऊला असतं. म्हणजे सहा ते आठ तुमचे. भाच्याला मी शेवटच्या सकाळी साडेपाचला उठवलं आणि खारीवाड्याच्या जेटीवर नेलं. अजून दिवस फुटायचा होता. ट्रॉलर एकमेकांना घासत उभे, फळीवरून पाट्या खाली येत होत्या, बर्फ फोडणाऱ्याचा ठक-ठक आवाज, पायाखाली खारट चिखल. एका बाईने बांगड्यांची पाटी पालथी केली आणि नुसत्या बोटांनी, न बघता, लहान-मोठे वेगळे करत शेजारणीशी सुनेबद्दल बोलत राहिली. वर घारी. तिच्या हाताला एकही बांगडा चुकीच्या ढिगात गेला नाही. भाचा डेटा क्लस्टरिंगवर, म्हणजे माहितीचे गट पाडण्यावर, पेपर वाचायला आला होता. तो दहा मिनिटं तिच्यासमोरून हलेना. (चपला रबरी घाला. आणि फोटो विचारून काढा, नाही म्हणाली तर नाही.) १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारी बंद असते, त्या काळात आलात तर जेटी रिकामी सापडेल.

तिथून परतताना हॉटेलचा फुकटचा ब्रेकफास्ट विसरा आणि कुठल्याही जुन्या कॅफेत भाजी-पाव खा. आपली पावभाजी नव्हे. पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्हींची मिक्स, सोबत पाव आणि एक मिरची-भजी. आळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीची नारळ घातलेली रस्साभाजी, मिळालं तर सोडू नका. पाव मागताना 'पोई' आहे का विचारा. कोंड्याची, चपटी, आतून पोकळ, गरम असताना फाडली की वाफ येते. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत सकाळ-संध्याकाळ येतो. वास्कोत बस्तान बसवणार असाल तर त्याची तुमच्या गल्लीतली वेळ घरमालकाला विचारून घ्या. गॅसच्या नोंदणीइतकंच ते महत्त्वाचं आहे.

दुपारी एक ते साडेतीन-चार दुकानांची शटरं खाली. झेरॉक्स, चार्जर, औषध, जे हवं ते आधी घ्या. रविवारी तर बाजार आळसावलेलाच. दुपारचं जेवण एकदा तरी सत्र बुडवून बाहेर करा. फिश थाळीत भात, कढी, एखादी भाजी, किसमूर म्हणजे सुक्या मासळीचा नारळ घातलेला चुरा, सोलकढी, नशीब असेल तर तिसऱ्या. तळलेला मासा वेगळा मागायचा. इसवण म्हणजे आपली सुरमई. सोमवारी बरेच हिंदू मासे खात नाहीत, त्यामुळे थाळी हवी असेल तर इतर वार बरा.

संध्याकाळी पाच वाजता सुटलात की सड्यावरच्या जपानीज गार्डनला जा. खाली समुद्र, नांगरलेली जहाजं, ऑक्टोबरनंतर एखादी पांढरी क्रूझ. याच बंदरात ९ मार्च १९४३च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्सच्या उतारवयातल्या हौशी सैनिकांनी येऊन 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावर हल्ला केला, जहाजातून गुप्त संदेश जात होते म्हणून. जर्मनांनी जहाज स्वतःच बुडवलं, पोर्तुगीज तटस्थ होते आणि इंग्रजांना ते कबूल करायचं नव्हतं, म्हणून कित्येक वर्षं कुणी त्याबद्दल बोललं नाही. १८ डिसेंबर १९६१ला याच पाण्यात 'अफोन्सु द आल्बुकेर्क' ही पोर्तुगीज फ्रिगेट आपल्या नौदलाशी लढली आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. आमच्या ऑफिसातले जुने लोक तोफांचे आवाज आठवून सांगायचे. बायणा किनारा गावातल्यांचा आहे, पोरं फुटबॉल खेळतात. निवांत पोहायचं तर बोगमाळो.

आयोजक एका रात्री पणजीला क्रूझवर नेतील, डीजे असेल. जायला हरकत नाही, पण थोडं आधी निघून पणजी-बेती फेरीबोटीत बसा. पायी जाणाऱ्यांना पैसे पडत नाहीत. कामावरून परतणारी माणसं, स्कूटर, नारळाची पोती, आणि मांडवी तीच.

श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदराचा सप्ताह असतो. नाव सप्ताह, भजन चोवीस तास. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्लेगची साथ आली तेव्हा जांबावलीच्या दामोदराचा नारळ आणून सुरू झाला असं सांगतात. रात्री वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे मिरवणुका, निघतात, गायनाच्या बैठका होतात आणि रस्त्याभर फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, लागते. कॉन्फरन्स ऑगस्टमध्ये असेल तर तारीख जुळते का बघा, आणि त्या दिवसांत गाडी गावात आणू नका.

परत जाताना काजू सगळेच नेतात. तुम्ही खाजें न्या. बेसन, गूळ आणि आल्याचं हे खाजें देवळाच्या फेरीत ताजं मिळतं, एरवी बाजारातही. कॉन्फरन्सच्या पिशवीत नेऊ नका, गुळाला पाणी सुटून कागदपत्रं चिकटतात. भाच्याचं सर्टिफिकेट अजून तसंच आहे.